व्हिडिओ गेम उद्योगाचा सप्ताहभराचा महोत्सव : स्वरूप, कार्यपद्धती आणि ज्ञानव्यवहार

बीज शब्द : व्हिडिओ गेम, गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स, व्यावसायिक परिषद, अपयशाची चिकित्सा, स्वतंत्र निर्मिती, नोकरकपात.

प्रस्तावना :

महाविद्यालयीन वर्तुळात 'गेम' हा शब्द उच्चारला की बहुधा दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे अभ्यास सोडून भ्रमणध्वनीत डोके खुपसून बसलेला विद्यार्थी आणि दुसरी म्हणजे पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन डाव. यांपैकी दुसऱ्या प्रकाराला भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने मनाई केली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैशांचा व्यवहार नसलेले खेळ यांना मात्र वेगळे ठरवून प्रोत्साहनाच्या कक्षेत ठेवले. कायद्याने केलेला हा भेद सर्वसामान्य चर्चेत अद्याप पुरेसा रुजलेला नाही. त्यामुळे व्हिडिओ गेम ही चित्रकार, संगीतकार, लेखक, गणिती आणि संगणक-अभियंता यांनी एकत्र येऊन घडविलेली निर्मिती आहे आणि त्या निर्मितीमागे एक स्वतंत्र व्यवसाय उभा आहे, ही बाब दुर्लक्षित राहते.

एखादा व्यवसाय समजून घ्यावयाचा असेल तर त्या व्यवसायातील माणसे एकत्र येऊन काय बोलतात हे पाहणे हा एक उपयुक्त मार्ग असतो. व्हिडिओ गेम निर्मात्यांचे असे सर्वांत जुने आणि मोठे संमेलन म्हणजे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे भरणारी 'गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स', म्हणजेच 'जीडीसी' होय. सोमवार ते शुक्रवार असा कामाचा संपूर्ण सप्ताह व्यापणाऱ्या या परिषदेचे २०२६ पासून 'जीडीसी फेस्टिव्हल ऑफ गेमिंग' असे नामांतर करण्यात आले. परिषदेचा महोत्सव झाला, परंतु या बदलात परिषदेचा गाभा टिकेल काय, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या सप्ताहाचे स्वरूप स्पष्ट करून या प्रश्नाचा विचार केला आहे.

एका दिवाणखान्यातील प्रारंभ :

१९८० च्या दशकात संगणकीय खेळ तयार करणारी माणसे बहुतांशी एकेकटी काम करीत असत. त्यांचे प्रशिक्षण देणारे विद्यापीठीय अभ्यासक्रम नव्हते, पाठ्यपुस्तके नव्हती, किंबहुना आपल्यासारखे काम करणारा दुसरा कोण आहे याचीही अनेकांना माहिती नसे. क्रिस क्रॉफर्ड हे या काळातील एक विचारी खेळरचनाकार होते. 'अटारी' या कंपनीत काम केल्यानंतर त्यांनी १९८५ मध्ये शीतयुद्धातील मुत्सद्देगिरीवर आधारलेला 'बॅलन्स ऑफ पॉवर' हा खेळ प्रसिद्ध केला होता. खेळरचनेला वाहिलेले एक छोटे नियतकालिकही ते चालवीत. १९८८ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी सॅन होजे येथील आपल्या घरी काही समव्यावसायिकांना बोलाविले. त्या दिवशी त्यांच्या दिवाणखान्यात सुमारे २७ जण जमले. हीच या परिषदेची पहिली बैठक होय. त्याच वर्षी जवळच्या मिल्पिटास येथील एका हॉटेलात दुसरी बैठक झाली, तेव्हा उपस्थितांची संख्या सव्वाशेच्या घरात गेली होती.

१९९० च्या दशकात परिषदेची मालकी एका प्रकाशन कंपनीकडे गेली. पुढे हस्तांतरे होत होत ती 'इन्फॉर्मा' या प्रदर्शन-व्यवसायातील मोठ्या समूहाकडे आली. क्रॉफर्ड यांनी स्वतः १९९३ च्या परिषदेत एक गाजलेले भाषण करून या उद्योगाचा निरोप घेतला. खेळ हे कलेचे माध्यम व्हावे, या स्वप्नाला त्यांनी त्या भाषणात ड्रॅगनची उपमा दिली आणि अखेरीस तलवार उपसून त्या काल्पनिक ड्रॅगनवर धावत जात ते सभागृहाबाहेर पडले. संस्थापक गेला, संस्था मात्र वाढत राहिली. २००५ मध्ये ती प्रथम सॅन फ्रान्सिस्कोत भरली. २००६ मध्ये एकवार सॅन होजेला परतून २००७ पासून ती सॅन फ्रान्सिस्कोतील मॉस्कोन सेंटर येथे स्थिरावली. कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० ची परिषद ऐनवेळी पुढे ढकलावी लागली आणि २०२१ ची केवळ ऑनलाइन झाली. २०२२ मध्ये ती पुन्हा प्रत्यक्ष भरू लागली. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी उपस्थिती सुमारे तीस हजारांच्या आसपास होती. दिवाणखान्यातील २७ जणांपासून तीस हजारांपर्यंतचा हा प्रवास चार दशकांहून कमी काळातील आहे.

सप्ताहाची रचना :

या सप्ताहाची परंपरागत रचना दोन टप्प्यांची राहिली आहे. सोमवारी आणि मंगळवारी विशिष्ट विषयांना वाहिलेली शिबिरवजा सत्रे असत. त्यांत कथालेखन, कृत्रिम बुद्धिमत्ता, स्वतंत्र निर्माते असे गट पाडलेले असत. यांतच गेम शिकविणाऱ्या प्राध्यापकांसाठीही स्वतंत्र सत्रमालिका असे, ही बाब प्रस्तुत वाचकांच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. बुधवारपासून शुक्रवारपर्यंत मुख्य व्याख्याने आणि प्रदर्शन चाले. प्रोग्रॅमिंग, चित्रण, ध्वनी, खेळरचना, निर्मिती-व्यवस्थापन आणि व्यापार असे विषयवार प्रवाह समांतर चालत असल्याने एका व्यक्तीला एकूण कार्यक्रमाचा अल्पसा अंशच अनुभवता येई.

उपस्थितांचा सप्ताह मात्र केवळ सभागृहात जात नाही. आपल्याकडील साहित्य संमेलनात मुख्य मंडपातील अध्यक्षीय भाषणाइतकेच ग्रंथप्रदर्शनातील आणि चहाच्या टपरीवरील बोलणे महत्त्वाचे ठरते. तसाच प्रकार येथेही आढळतो. मॉस्कोन सेंटरच्या परिसरातील हॉटेलांच्या लॉबीत, उपाहारगृहांत आणि लगतच्या येर्बा ब्वेना उद्यानातील हिरवळीवर सकाळपासून बैठका सुरू असतात. अर्धवट तयार झालेला खेळ लॅपटॉपवर घेऊन लहान निर्माता प्रकाशकासमोर बसतो आणि जेमतेम अर्ध्या तासात त्याला आपल्या दोन-तीन वर्षांच्या श्रमांचे मोल पटवून द्यावे लागते. नोकरीच्या शोधातील विद्यार्थी आपल्या कामाचे नमुने घेऊन प्रदर्शनातील कक्षांपुढे उभे राहतात. म्हणजेच एकाच आवारात एकाच वेळी विद्वत्सभा, बाजारपेठ आणि रोजगार मेळावा भरलेला असतो.

घोषणा आणि कार्यशाळा :

प्रसारमाध्यमांचे लक्ष प्रामुख्याने मोठ्या घोषणांकडे जाते. मार्च २००० मध्ये सॅन होजे येथे बिल गेट्स यांनी मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स' या खेळयंत्राची घोषणा याच व्यासपीठावरून केली. मार्च २०१९ मध्ये गूगलने 'स्टेडिया' ही सेवा येथेच जाहीर केली. खेळयंत्र विकत न घेता इंटरनेटवरून थेट खेळ खेळता येतील, अशी ती कल्पना होती. एक्सबॉक्सने पुढे उद्योगात पाय रोवले, तर स्टेडिया जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. दोन्ही घोषणांच्या वेळी टाळ्या सारख्याच वाजल्या होत्या. त्यावरून घोषणेचा गाजावाजा आणि तिचे भवितव्य यांचा फारसा संबंध नसतो, हे लक्षात येते.

याउलट एका लहान सत्राचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २००२ मध्ये या परिषदेत प्रायोगिक खेळांची एक कार्यशाळा सुरू झाली. बाजारात चालेल की नाही याची पर्वा न करता खेळण्याची नवी रीत सुचविणारे नमुने तेथे दाखविले जात. २००४ च्या कार्यशाळेत जपानमधील 'नामको' कंपनीच्या केइता ताकाहाशी यांचा 'कातामारी दामासी' हा खेळ दाखविण्यात आला. ताकाहाशी यांचे शिक्षण शिल्पकलेचे होते. एक चिकट गोळा घरंगळत न्यायचा, त्याला टाचण्या, पेन्सिली, खुर्च्या, झाडे आणि अखेरीस इमारतीही चिकटत जातात आणि गोळा मोठा होत राहतो, एवढीच या खेळाची कल्पना. उपस्थित समव्यावसायिकांनी त्याचे मनापासून स्वागत केले आणि मूळ जपानपुरता योजलेला हा खेळ त्याच वर्षी अमेरिकेत प्रकाशित झाला. आकर्षक जाहिरातीऐवजी समव्यावसायिकांच्या जाणकारीने एखाद्या कृतीचे भवितव्य घडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

स्वतंत्र निर्मात्यांसाठी १९९८ मध्ये स्थापन झालेला 'इंडिपेन्डंट गेम्स फेस्टिव्हल' हाही या सप्ताहाचा महत्त्वाचा घटक आहे. त्याच्या सर्वोच्च पारितोषिकाला शेमस मॅकनाली या तरुणाचे नाव दिलेले आहे. कुटुंबीयांसमवेत तयार केलेल्या 'ट्रेड मार्क्स' या खेळासाठी त्याला मार्च २००० मध्ये हे पारितोषिक मिळाले आणि त्याच महिन्यात कर्करोगाने वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी त्याचे निधन झाले. २०१४ मध्ये हे पारितोषिक लुकास पोप यांच्या 'पेपर्स, प्लीज' या खेळाला मिळाले. एका काल्पनिक हुकूमशाही राष्ट्राच्या सीमेवर कागदपत्रे तपासणाऱ्या कारकुनाची भूमिका खेळणाऱ्याला त्यात करावी लागते. नियम पाळावेत तर समोरच्या कुटुंबाची ताटातूट होते आणि न पाळावेत तर स्वतःच्या घरच्यांची उपासमार होते. नैतिक पेच वाचणे आणि तो स्वतः निर्णय घेऊन भोगणे यांतील अंतर हा खेळ प्रभावीपणे दाखवितो. राज्यशास्त्राच्या वा साहित्याच्या वर्गातही त्याची चर्चा होऊ शकते.

अपयश सांगण्याची प्रथा :

या परिषदेचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य म्हणजे 'पोस्टमॉर्टेम' या नावाने ओळखली जाणारी व्याख्याने होत. एखादा खेळ प्रकाशित झाल्यानंतर त्याचे निर्माते समव्यावसायिकांसमोर उभे राहून निर्मितीची चिकित्सा करतात. कोणते निर्णय योग्य ठरले, कोणते चुकले, वेळापत्रक कोठे कोसळले, कोणती कल्पना वर्षभर राबवून शेवटी टाकून द्यावी लागली, हे सारे त्यात सांगितले जाते. १९९४ ते २०१३ या काळात प्रकाशित होणाऱ्या 'गेम डेव्हलपर' या मासिकाने ही पद्धत रूढ केली. त्यातील अशा लेखांची चौकट साधी होती : काय बरोबर ठरले आणि काय चुकले. हीच चौकट परिषदेच्या व्याख्यानांतही दिसते. २०११ मध्ये जुन्या अभिजात खेळांच्या अशा चिकित्सेची मालिका योजण्यात आली. तीत १९८० मधील 'पॅक-मॅन'चे कर्ते तोरू इवातानी यांनी आपल्या निर्मितीची कथा सांगितली. त्या वेळच्या खेळघरांत युद्धाच्या खेळांचे प्राबल्य होते. तेथे स्त्रियांनीही यावे या हेतूने त्यांनी 'खाणे' ही कल्पना निवडली होती.

या प्रथेचे महत्त्व कशात आहे? पहिली गोष्ट म्हणजे खेळनिर्मितीचे ज्ञान पुस्तकात पूर्णपणे मावत नाही. सुतारकाम किंवा गायन याप्रमाणेच त्याचा बराचसा भाग हातात आणि कानात असतो. उडी मारल्यानंतर पात्राने किती क्षण हवेत राहावे म्हणजे खेळणाऱ्याला ती उडी 'आपली' वाटेल, याचे सूत्र नसते. त्यासाठी अनेक फसलेले प्रयत्न पाहावे लागतात. दुसरी गोष्ट अशी की यशस्वी खेळ बाजारात सर्वांना दिसतो, परंतु वाटेत टाकून दिलेले पर्याय फक्त निर्मात्यालाच ठाऊक असतात. त्याने ते सांगितले नाहीत तर पुढचा निर्माता त्याच खड्ड्यात पुन्हा पडतो. तिसरी गोष्ट म्हणजे येथे सांगणारे आणि ऐकणारे हे व्यापारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात. तरीही सांगितले जाते, कारण प्रत्येकजण कधी ना कधी श्रोत्यांत बसून दुसऱ्याच्या अनुभवावर शिकलेला असतो.

आपल्या महाविद्यालयीन चर्चासत्रांशी याची तुलना सहजच मनात येते. चर्चासत्रात निबंधवाचक बहुधा सिद्ध झालेले निष्कर्ष मांडतो. फसलेले गृहीतक, परत न आलेल्या प्रश्नावल्या किंवा अर्ध्यावर सोडावा लागलेला प्रकल्प यांची वाच्यता क्वचितच होते. सहभागाचे प्रमाणपत्र हाती पडते, परंतु दुसऱ्याची चूक टाळण्याचे शहाणपण मिळतेच असे नाही.

प्रवेशाची किंमत आणि उपजीविकेचा प्रश्न :

या ज्ञानव्यवहाराचा लाभ कोणाला मिळतो, हा मात्र गंभीर प्रश्न आहे. २०२५ पर्यंत सर्व सत्रांना प्रवेश देणाऱ्या प्रवेशिकेची किंमत दोन हजार डॉलरांच्या वर होती. विमानप्रवास, सॅन फ्रान्सिस्कोतील महागडा निवास आणि व्हिसाची अनिश्चितता यांची त्यात भर पडते. विकसनशील देशांतील एखाद्या लहान निर्मात्याला हा खर्च म्हणजे संपूर्ण खेळाच्या भांडवलाचा मोठा हिस्सा होऊ शकतो. २०२० मध्ये परिषद ऐनवेळी पुढे ढकलली गेली तेव्हा आगाऊ खर्च बुडालेल्या लहान निर्मात्यांसाठी मदतनिधी उभारावा लागला, यावरून त्यांची आर्थिक स्थिती किती नाजूक असते याची कल्पना येते. प्रवेशशुल्काविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून २०१३ मध्ये काही विकसकांनी येर्बा ब्वेना उद्यानातच 'लॉस्ट लेव्हल्स' नावाचा विनामूल्य मेळावा भरविला होता. तेथे कोणीही उभे राहून बोलू शकत असे.

अलीकडच्या काळात उपजीविकेचा प्रश्न अधिक तीव्र झाला. परिषदेच्या आयोजकांकडून दरवर्षी विकसकांचे सर्वेक्षण केले जाते. २०२४ च्या सर्वेक्षणात ३५ टक्के उत्तरदात्यांनी नोकरकपातीची झळ स्वतःला किंवा आपल्या सहकाऱ्यांना बसल्याचे नोंदविले. २०२५ च्या सर्वेक्षणात सुमारे ११ टक्के उत्तरदात्यांनी मागील वर्षभरात स्वतःची नोकरी गेल्याचे सांगितले. साथीच्या काळात वाढलेली मागणी कायम राहील या अपेक्षेने कंपन्यांनी केलेली भरती आणि गुंतवणूक, त्यानंतर ओसरलेली मागणी, वाढलेले व्याजदर आणि मोठ्या खेळांचा फुगलेला निर्मितीखर्च ही त्यामागील प्रमुख कारणे मानली जातात.

या अस्वस्थतेचे पडसाद सप्ताहातही उमटले. २०१८ मध्ये कामगार संघटनेच्या आवश्यकतेवर एक गोलमेज चर्चा ठेवण्यात आली होती. तिच्या निमित्ताने संघटित झालेल्या विकसकांतून 'गेम वर्कर्स युनाइट' ही चळवळ पुढे आली. मार्च २०२४ मध्ये विकसकांनी उद्यानात एकत्र जमून सामूहिक आक्रोश केला. कोणतीही घोषणा नाही, मागणी नाही, केवळ एकाच वेळी मोठ्याने ओरडणे, असे त्याचे स्वरूप होते. त्यानंतर एका वर्षाने, मार्च २०२५ मध्ये, परिषदेच्या सप्ताहातच 'युनायटेड व्हिडिओगेम वर्कर्स' या अमेरिका व कॅनडातील कामगार संघटनेची घोषणा झाली. नोकरी गमावलेल्यांनाही तिचे सभासद होता येते.

या घडामोडींचा ज्ञानव्यवहाराशी थेट संबंध आहे. आपली चूक चारचौघांत सांगण्यासाठी पायाखाली जमीन स्थिर असावी लागते. पुढच्या महिन्यात नोकरीच्या मुलाखतीला जावयाचे आहे अशा माणसाला सभागृहात उभे राहून आपले फसलेले निर्णय मोजून दाखविणे परवडत नाही. तो यशच सांगेल आणि हळूहळू पोस्टमॉर्टेमची जागा जाहिरात घेईल. नोकरकपातीने माणसे व्यवसायाबाहेर जातात आणि त्यांच्यासोबत त्यांचे अलिखित अनुभवही जातात, ही याहून मोठी हानी होय.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

हा विषय महाराष्ट्रापासून दूरचा नाही. पुण्यातील 'नोडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ प्रकाशित केला. भारतीय पुराणकथा, पहाडी चित्रशैली आणि राजस्थानी वास्तुकला यांवर आधारलेल्या या खेळाला त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'च्या पदार्पणातील सर्वोत्कृष्ट स्वतंत्र खेळ या गटात नामांकन मिळाले. नॅसकॉमची गेम विकसकांची वार्षिक परिषद २०१० च्या दशकात काही वर्षे पुण्यात भरत होती. पुढे तिचे केंद्र हैदराबादकडे सरकले आणि ती 'इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्स' या नावाने ओळखली जाऊ लागली. मे २०२५ मध्ये मुंबईत चार दिवसांची 'वेव्हज' शिखर परिषद झाली. तीत अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग या क्षेत्रांना ठळक स्थान देण्यात आले होते.

धोरणे आणि शिखर परिषदा होत असल्या तरी शिकणाऱ्याला लागतो तो कामाचा तपशील. त्या दृष्टीने जीडीसीच्या व्याख्यानांचा संग्रह विशेष उपयुक्त आहे. त्यातील अनेक ध्वनिचित्रमुद्रणे इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. सातारा किंवा लातूर येथील महाविद्यालयातील संगणकशास्त्राचा, चित्रकलेचा वा संगीताचा विद्यार्थी सॅन फ्रान्सिस्कोला न जाताही ती पाहू शकतो. मात्र ती इंग्रजीत असल्याने आणि त्यांतील उदाहरणे अपरिचित असल्याने शिक्षकाच्या मार्गदर्शनाची गरज भासते.

निष्कर्ष :

१. व्हिडिओ गेम उद्योगाचा हा सप्ताह बाजारपेठ, रोजगार मेळावा आणि विद्वत्सभा अशा तिहेरी स्वरूपाचा आहे. यांपैकी तिसऱ्या स्वरूपामुळे त्याला इतर व्यापारी प्रदर्शनांहून वेगळे स्थान प्राप्त झाले आहे.

२. विद्यापीठीय परंपरा नसलेल्या एका व्यवसायाने परस्परांना अनुभव सांगून स्वतःचे शिक्षण स्वतः घडविले. यशाबरोबर अपयशाचीही जाहीर चिकित्सा करण्याची प्रथा हे त्या शिक्षणाचे प्रमुख साधन ठरले.

३. महागडा प्रवेश, प्रवासातील अडचणी आणि नोकरीची असुरक्षितता यांमुळे ही प्रथा क्षीण होण्याचा धोका आहे.

४. महाविद्यालयांनी विनामूल्य उपलब्ध व्याख्यानांचा आंतरविद्याशाखीय अध्यापनात उपयोग करावा. तसेच विद्यार्थी-प्रकल्पांच्या मूल्यमापनात 'काय चुकले' या भागाला स्वतंत्र गुण ठेवावेत.

परिषदेला महोत्सव म्हटल्याने तिचे मोल वाढत नाही किंवा घटतही नाही. १९८८ मध्ये दिवाणखान्यात जमलेल्या सत्तावीस जणांकडे एकमेकांना विकण्यासारखे काही नव्हते, सांगण्यासारखे मात्र पुष्कळ होते. हजारोंच्या गर्दीतही एखादा निर्माता उभा राहून आपल्या फसलेल्या प्रयत्नाची हकिकत निर्भयपणे सांगू शकतो की नाही, यावरच या महोत्सवाचे पुढील काळातील महत्त्व अवलंबून राहील.